राजर्षी शाहू महाराज

राजर्षी शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, कसबा बावडा, कोल्हापूर, मृत्यू : ६ मे १९२२, मुंबई) हे १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती होते. सामाजिक समतेचा पुरस्कर्ता राज्यकर्ता म्हणून ते प्रसिद्ध आहेत. कोल्हापूर शहरातील वसतिगृहे, नाट्यगृह, कुस्तीचे मैदान, बाजारपेठ आणि कापडगिरणी यांची उभारणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

जन्म आणि दत्तकविधान

शाहू महाराजांचा जन्म कसबा बावडा येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव, वडिलांचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आईचे राधाबाई होते. ते तीन वर्षांचे असतानाच आईचे निधन झाले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे ब्रिटिशांच्या देखरेखीखाली असताना मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेऊन त्यांचे नाव शाहू ठेवले. राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

वेदोक्त प्रकरण आणि वसतिगृहे

१८९९ च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले. छत्रपतींच्या क्षत्रियत्वालाच नकार देणारा हा प्रकार वेदोक्त प्रकरण म्हणून गाजला. त्या वेळी दरबारातील वरिष्ठ जागांवर मोजक्या उच्चवर्णीयांचेच वर्चस्व होते. धार्मिक अधिकार आणि नोकऱ्या या दोन्हींतील विषमतेचे मूळ शिक्षणाच्या अभावात आहे, हे ओळखून महाराजांनी शिक्षणावर भर दिला.

खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांपुढे राहण्या-जेवण्याची मोठी अडचण होती. ती दूर करण्यासाठी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा अनेक समाजांसाठी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. वसतिगृहे जातवार असल्याने जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. मात्र प्रत्येक समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलावी आणि दरबाराने तीस जागा, इमारत व अनुदान यांची जोड द्यावी, असे महाराजांचे धोरण होते.

२६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा झाला, तर १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्यात आला. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

उद्योग व बाजारपेठ

१८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही पेठ गुळाच्या व्यापाराचे केंद्र बनली. १९०६ मध्ये शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिलची पायाभरणी झाली. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले व स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले.

कला आणि कुस्ती

१९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले. त्यावरून प्रेरणा घेऊन बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने दूरच्या प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. मैदानाला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक, कोल्हापूरचे सुपुत्र केशवराव भोसले यांचे नाव पुढे या नाट्यगृहाला देण्यात आले. दरबार गायक म्हणून उस्ताद अल्लादिया खाँ यांना मिळालेल्या आश्रयामुळे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. चित्रकार आबालाल रहिमान हेही दरबाराच्या आश्रयाला होते.

मृत्यू आणि वारसा

६ मे १९२२ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय सभेने १९१९ मध्ये दिलेली राजर्षी ही पदवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

त्यांनी उभारलेल्या वास्तूंची वाटचाल सारखी झाली नाही. अनेक वसतिगृहे आजही विद्यार्थ्यांसाठी चालू आहेत आणि खासबागेत कुस्त्यांचे फड रंगतात. शाहू मिल मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या आवारात महाराजांचे स्मारक व्हावे, ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृह आगीत जळाले व त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. ६ मे २०२२ रोजी स्मृतिशताब्दीनिमित्त कोल्हापूरकरांनी १०० सेकंद स्तब्ध उभे राहून महाराजांना आदरांजली वाहिली. कसबा बावड्यातील जन्मस्थळी दरवर्षी २६ जूनला शाहू जयंती साजरी होते. महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.