गरम हवेला वाट देणारा माणूस

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो. तरी जुळे सोलापूरला दुकानं-ऑफिसांची नवीन बिल्डिंग उभी राहिली की पुढे काच आणि मागे एसीचे डबे! आधी बिल्डिंग तापू द्यायची आणि मग लाईट बिल भरून ती थंड करायची. हा काय हिशेब झाला? असा हिशेब टाळता येतो हे दाखवणारा एक मराठी आर्किटेक्ट होऊन गेला. त्यांचं नाव अच्युत कानविंदे.

त्यांचा जन्म १९१६ साली कोकणातल्या आचरा गावी झाला. वडील चित्रकलेचे शिक्षक होते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते सरकारी नोकरीत लागले आणि १९४५ मध्ये सरकारनेच त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे वॉल्टर ग्रोपियस हे जगप्रसिद्ध गुरू लाभले. १९४७ मध्ये परत आल्यावर त्यांनी अहमदाबादला ‘अटिरा’ ही कापड संशोधन संस्था बांधली. पांढरी, चौकोनी, अगदी गुरूंच्या वळणाची! पण इथलं ऊन काही हार्वर्डचं नव्हतं. हळूहळू त्यांचं डिझाइन बदलत गेलं.

१९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत त्यांनी दिल्लीत स्वतःची फर्म काढली. कानपूर आयआयटीचा कॅम्पस करताना त्यांनी विभाग एकमेकांना सावलीच्या कॉरिडॉरने जोडले. भर दुपारी पोरं उन्हात न जाता लेक्चरला पोचतात! मेहसाणाच्या दूधसागर डेअरीत तर त्यांनी कमालच केली. दुधाच्या प्लांटमध्ये वाफ आणि उष्णता भरपूर. त्यांनी छतावर उंच शाफ्ट काढले. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते. म्हणजे पंख्याचं काम बिल्डिंगच करते! आपण फिजिक्समध्ये पाठ करून विसरतो ते हेच.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये ते गेले. पुढे त्यांच्याच फर्मने कानपूर आयआयटीत पर्यावरण केंद्राची बिल्डिंग केली आणि तिला ‘गृहा’चं पंचतारांकित रेटिंग मिळालं.

पण नुसतं डिझाइन चांगलं असून भागत नाही, वापर मोजावाही लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००९ पासून ऑफिस बिल्डिंगना स्टार देतं, ते नकाशा बघून नाही, तर वर्षभरात दर चौरस मीटरला किती युनिट जळले ते बघून. म्हणजे बिल्डिंगची परीक्षा पझेशननंतर सुरू होते आणि तिला एटीकेटी नाही!

उद्या आपले सिव्हिलवाले भिंती काढतील आणि इलेक्ट्रिकलवाले मीटर वाचतील. दोघं पहिल्या ड्रॉइंगलाच एका टेबलावर बसले, तर निम्मे एसी लागणारच नाहीत. कानविंदेंकडून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ झालं.