राजगृह

मुंबई शहरात दादर येथे हिंदू कॉलनी नावाची एक जुनी वसाहत आहे. त्या वसाहतीत राजगृह या नावाची एक वास्तू उभी आहे. नाव ऐकून ते एखाद्या राजाचे निवासस्थान असावे असे कोणासही वाटेल. परंतु ते घर कोणा राजाचे नव्हे. ज्या पुरुषास एके काळी जातीमुळे भाड्याची एक खोलीसुद्धा मिळू शकली नाही, त्याने ते बांधविले. आणि बांधविले तेही मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. तो पुरुष म्हणजे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर होय.

भीमरावाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीत झाला. त्याचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. मूळचे हे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. ज्या महार समाजात भीमरावाचा जन्म झाला, त्यास त्या काळी अस्पृश्य मानीत असत. रामजी निवृत्त झाल्यावर हे कुटुंब प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास येऊन राहिले. साताऱ्यास असतानाच भीमरावाची आई भीमाबाई वारली. तेव्हा तो अवघा पाच-सहा वर्षांचा होता. पुढे आत्या मीराबाई हिने त्या पोरक्या मुलास मायेने वाढविले.

घराच्या उंबरठ्याच्या आत भीमराव सर्वांचा लाडका होता. पण उंबरठा ओलांडताच तो अस्पृश्य ठरे. शाळेत त्यास इतर मुलांपासून दूर, एका कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेतला गडी शिवत नसे. म्हणून रोज सायंकाळी ते काखोटीस मारून घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत आणावयाचे. तहान लागली तरी नळास हात लावावयाची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे, एरवी तसेच राहावे लागे. गावचा न्हावी त्याचे केस कापण्यास तयार नसे. ते काम घरी बहीणच करी. घर आणि बाहेरचे जग यांतील हे अंतर त्या मुलाच्या मनावर खोल कोरले गेले.

पुढे सुभेदार रामजी मुलांसह मुंबईस आले आणि परळच्या गिरणगावात एका चाळीत बिऱ्हाड करून राहू लागले. बिऱ्हाड म्हणजे एकच खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच भांडीकुंडी आणि तिच्यातच साऱ्या कुटुंबाचे अंथरूण. अशा ठिकाणी मुलाने अभ्यास करावा कसा? रामजींनी यावर एक युक्ती काढली. ते मुलास लवकर निजवीत आणि आपण स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजता ते त्यास उठवीत आणि मग आपण झोपी जात. सारी चाळ गाढ झोपेत असताना मिणमिणत्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसे. खोली लहान होती, म्हणून बापलेकांनी रात्रच वाटून घेतली होती.

भीमरावास पुस्तकांचे विलक्षण वेड होते. सुभेदारांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. तरी मुलाने पुस्तक मागितले आणि ते त्यांनी आणले नाही असे सहसा घडत नसे. हाती पैसा नसला म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलींपाशीही रोकड नसली, तर त्यांचा एखादा दागिना मागून घेत आणि तो गहाण ठेवून पुस्तक विकत आणीत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीस परत करीत. अशा रीतीने त्या एका खोलीत पुस्तकांनी आपली जागा मिळविली. ग्रंथांपायी पोटास चिमटा घेण्याचा धडा भीमरावास वडिलांनीच असा घालून दिला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या प्रसंगी झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान गृहस्थांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या विद्यावेतनामुळे त्यांचे शिक्षण चालू राहिले. ते पदवीधर झाले. पण लवकरच, फेब्रुवारी १९१३ मध्ये, सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांच्या साहाय्याने भीमराव अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे कोणी त्यांची जात विचारीत नसे. ग्रंथालयाची दारे सर्वांना सारखीच उघडी होती. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते हिंडत आणि जेवणाखाण्यात काटकसर करून पुस्तके घेत. तेथून ते पुढील अभ्यासासाठी लंडनला गेले. मात्र विद्यावेतनाची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस स्वदेशी परतावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते पाणबुडीने बुडविले आणि त्याबरोबर त्यांची पुस्तकेही समुद्रात गेली.

करारानुसार त्यांस बडोदे संस्थानात नोकरी करणे भाग होते. ते बडोद्यास पोहोचले. परंतु राहावयाचे कोठे, हा पहिलाच प्रश्न उभा राहिला. परदेशी विद्यापीठाच्या पदव्या मिळविलेल्या या तरुणास त्या शहरात घर मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भाड्याने त्यांनी आसरा मिळविला. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले एक दालन होते. तेथे वटवाघळांचा वावर होता आणि उजेडाला केवळ एक लहानसा कंदील होता. सोबतीस माणूस नव्हते. त्या अंधाऱ्या जागी ते रात्री पुस्तके वाचीत आणि एकटेपणा विसरण्याचा प्रयत्न करीत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत जावयास निघाले, तोच हातात काठ्या घेतलेली दहाबारा माणसे जिना चढून वर आली. त्यांनी या तरुणास घेरले, धर्मशाळा बाटविल्याचा आरोप केला आणि सायंकाळच्या आत जागा सोडण्याचे बजावले. भीमरावांनी त्यांच्या विनवण्या केल्या. पण उपयोग झाला नाही. शहरात त्यांचे दोन मित्र होते. त्यांनीही काही ना काही अडचण सांगून आपल्या घरी ठेवून घेण्याचे टाळले. अखेर कमाठी बागेत जाऊन ते एकटेच बसले. पुढील वाट दिसेना आणि डोळ्यांचे पाणी खळेना. त्याच रात्रीच्या गाडीने त्यांनी बडोदे सोडले. विद्येने माणसास मान मिळतो असे सर्व जण म्हणतात. पण जातीची भिंत मात्र विद्येसमोरही हटली नव्हती. हे दुःख आपल्या एकट्याचे नसून आपल्यासारख्या कोट्यवधी माणसांचे आहे, ही जाणीव त्या प्रसंगाने अधिकच तीव्र झाली.

मुंबईस परतल्यावर त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाचे काम केले, पैसा साठविला आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे किंग हेन्री रोडवरील १० क्रमांकाच्या घरात ते काही काळ राहिले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी त्यांस डी.एस्‌सी. ही पदवीही मिळाली.

या साऱ्या वर्षांत त्यांचे मुंबईतील घर म्हणजे परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्या होत्या. तो संसार त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी मोठ्या धीराने सांभाळला. पती परदेशी विद्याभ्यासात असताना त्यांनी काढलेले दिवस अत्यंत हलाखीचे होते. या दांपत्याची चार अपत्ये बालपणीच दगावली. यशवंत हा एकच मुलगा जगला. तरीही रमाबाईंनी पतीच्या अभ्यासात आपल्या दुःखाचा अडथळा येऊ दिला नाही. याच घरात राहत असताना १९२७ साली डॉक्टर आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे हे जगासमोर मांडले. ज्यास बालपणी नळास हात लावू दिला नव्हता, त्याने हजारो माणसांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

चाळीतल्या दोन खोल्यांत माणसांची दाटी होती आणि पुस्तके तर दिवसेंदिवस वाढत होती. तेव्हा डॉक्टरांनी दादर येथे जागा घेऊन स्वतःचे घर बांधण्याचे ठरविले. १९३३ च्या सुमारास ते घर उभे राहिले. आराखडा ठरविताना त्यांनी सर्वांत आधी विचार केला तो ग्रंथालयाचा. बसाउठावयाच्या दालनांचा डौल, सजावट, थाटमाट यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. घरास नाव दिले राजगृह. प्राचीन काळी मगध देशाची राजधानी राजगृह ही होती आणि गौतम बुद्धाच्या चरित्रात त्या नगरीस मोठे स्थान आहे. तरुणपणी भेट मिळालेल्या बुद्धचरित्राचा संस्कार त्या नावातून असा प्रकट झाला.

नवे घर रमाबाईंच्या वाट्यास फार थोडे आले. २७ मे १९३५ रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले. ज्या बाईने चाळीत हालअपेष्टा सोसून संसार सावरला, तिला सुखाचे दिवस पुरते पाहता आले नाहीत, याचे शल्य डॉक्टरांस पुष्कळ काळ बोचत राहिले. ते शोकाने खचले. आणि पुढे पुन्हा ग्रंथांत व लोकांच्या कामात त्यांनी स्वतःस बुडवून घेतले.

राजगृहातील ग्रंथसंग्रह वाढत वाढत पन्नास हजारांवर गेला. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्म, राज्यशास्त्र अशा नाना विषयांवरील ग्रंथ तेथे होते. एका माणसाने केलेला एवढा मोठा संग्रह त्या काळी क्वचितच पाहावयास मिळे. दादर येथेच त्यांनी चारमिनार नावाची दुसरी इमारतही बांधली होती. परंतु कर्ज फेडण्यासाठी आणि ग्रंथ घेण्यासाठी १९४१ साली ती विकून टाकली. घर विकून पुस्तके घेणारी माणसे जगात थोडीच! आणि हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते राखले नाही. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. आपल्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ डॉक्टरांनी या महाविद्यालयास दिले.

एव्हाना देशकार्यासाठी त्यांस दिल्लीत राहावे लागत होते. १९४७ साली ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी संविधानाची मसुदा समिती नेमण्यात आली व ते तिचे अध्यक्ष झाले. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी ते प्रचंड काम पार पाडले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. त्यातील सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्या वापरात धर्म, जात, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई केली. बडोद्याच्या बागेत एकट्याने ढाळलेल्या अश्रूंस देशाच्या कायद्याने दिलेले हे उत्तर होते.

१९५१ साली हिंदू कायद्याच्या सुधारणेस विलंब होत असल्याने त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपदाबरोबर सरकारी बंगलाही सोडला आणि ते दिल्लीतील अलीपूर मार्गावर २६ क्रमांकाच्या घरात राहावयास गेले. प्रकृती ढासळली होती, तरी वाचन आणि लेखन अखंड चालू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ५ डिसेंबरच्या रात्रीही त्यांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशापाशी मागवून घेतले. त्याच रात्री झोपेतच त्यांचे निधन झाले. ६ डिसेंबर १९५६ ची सकाळ झाली, तेव्हा देश एका महापुरुषास मुकला होता. त्यांचा देह विमानाने मुंबईस आणून प्रथम राजगृहात ठेवण्यात आला. अखेरच्या दर्शनासाठी लोटलेल्या जनसागराने दादरचे रस्ते भरून गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ते स्थळ आज चैत्यभूमी म्हणून ओळखले जाते.

ज्यास एके काळी कोणी घर देईना, त्याची घरे आज लोक शोधीत जातात. महू येथील जन्मस्थानी स्मारक आहे. लंडनमधील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन जतन केले आहे. दिल्लीतील अलीपूर मार्गावरील जागी २०१८ साली राष्ट्रीय स्मारक खुले झाले. बडोद्याच्या बागेतील त्या जागेस लोक संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून लाखो माणसे चैत्यभूमीस येतात. त्यांपैकी अनेक जण शिदोरीची पिशवी खांद्यास लावून राजगृहापर्यंत चालत जातात. त्यांच्याबरोबर लहान मुलेही असतात. परतताना त्यांच्या पिशवीत बहुधा एखादे नवे पुस्तक असते. कारण त्या दिवसांत दादर येथे ग्रंथांची मोठी विक्री होते. दागिना गहाण ठेवून मुलासाठी पुस्तक आणणाऱ्या सुभेदार रामजींस हे पाहून खचितच समाधान वाटले असते.