बर्फावरून रूळ नेणारा मायकेल हेनी

मायकेल हेनी याचा जन्म १८६४ सालीं कॅनडांत एका आयरिश कुटुंबांत झाला. कोवळ्या वयांतच घर सोडून तो रेल्वेच्या कामावर गेला. पुस्तकी विद्या थोडी. पण डोंगर पाहतांच वाट हेरणारी नजर त्याला लाभली होती.

१८९८ सालीं त्यानें अलास्कांतील स्कॅग्वे येथून व्हाइट पासचा लोहमार्ग बांधावयास घेतला. मजूर दोरांनीं कड्यावर लोंबकळत सुरुंगांसाठीं भोकें पाडीत. ११० मैलांचें तें काम १९०० सालीं पुरें झालें.

त्याहून बिकट काम कॉपर नदीकांठचें. तांब्याच्या खाणींपर्यंत रूळ न्यावयाचे होते. तिकडील गोठलेली जमीन दगडासारखी टणक. परंतु वरचें शेवाळाचें पांघरूण निघालें कीं उन्हाळ्यांत तिचा चिखल होतो व रूळ खचतात. एके ठिकाणीं तर ५ मैलांहून अधिक मार्ग हिमनदीच्या टोकावरूनच न्यावा लागला! वर दगडमाती, खालीं हलता बर्फ. मग रूळ पुनःपुन्हा सारखे करणें आलेंच.

१९०९ सालीं हेनी ज्या जहाजांत होता तें बुडालें. तो वांचला, पण प्रकृति ढासळली ती सुधारली नाहीं. १९१० च्या ऑक्टोबरांत तो वारला. खाणींपर्यंतचा मार्ग पुरा झाला १९११ च्या मार्चांत. १९३८ सालीं खाणींबरोबर तोहि बंद पडला.