यंत्रांचे उस्ताद : अल-जझरी

शाळेतील विज्ञान प्रदर्शन तुम्ही पाहिले असेलच. कदाचित त्यात भागही घेतला असेल. समजा, तुम्ही एक छोटा यंत्रमानव तयार केला आहे. चार चाकांची गाडी, तिच्यावर बॅटरी आणि एक उंच होणारी शिडी. आइस्क्रीमच्या काड्या कात्रीसारख्या एकमेकींना जोडून ही शिडी बनवली आहे. खालून ढकलले की काड्या उभ्या होतात आणि शिडी वर जाते. तिच्या टोकावर खडूची पेटी ठेवून ती टेबलावर पोहोचवायची आहे.

पण शिडी थोडी वर गेली की डुलू लागते. आणखी वर गेली की सगळी गाडीच कलंडते. कधी ती वर जाते, पण खाली यायला तयार नसते. पाहुणे यायची वेळ होते आणि तुम्हांला रडू येते.

अशा वेळी तुम्ही एका माणसाची आठवण काढावी, असे मला वाटते. वस्तू वर कशी न्यावी आणि परत खाली कशी आणावी, या प्रश्नावर त्यांनी आठशे वर्षांपूर्वी विचार केला होता. त्यांचे नाव अल-जझरी.

त्यांचे पूर्ण नाव बदीउज्जमान अबुल इज्ज इस्माईल इब्न रज्जाज अल-जझरी. बदीउज्जमान म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय माणूस. ‘जजीरा’ म्हणजे बेट, हे तुम्ही उर्दूत शिकला आहात. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशाच्या वरच्या भागाला अल-जझीरा म्हणत. त्यावरून त्यांना अल-जझरी हे नाव मिळाले. तुमच्या गंगापूर तालुक्याला जशी गोदावरी, तशा त्या मुलखाला या दोन नद्या.

दजला नदीच्या काठी आमीद नावाचे शहर होते. आज ते तुर्कस्तानात असून त्याला दियारबकर म्हणतात. तेथे अर्तुकी घराण्याचे राज्य होते. सुमारे 1174 साली अल-जझरी या दरबारात नोकरीला लागले. त्यांनी एकामागून एक तीन राजांची सेवा केली. त्याच काळात आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते.

अल-जझरी केवळ पुस्तके वाचणारे विद्वान नव्हते. ते हातात करवत आणि हातोडी घेणारे कारागीर होते. लाकूड, तांबे, पितळ यांचे काम ते स्वतः जाणत. आमीदच्या राजवाड्यासाठी त्यांनी एक मोठा धातूचा दरवाजाही घडवला होता.

त्या काळी सर्वांत मोठा प्रश्न होता पाणी वर काढण्याचा. तुमच्या आजोबांना विचारा. विजेचे पंप येण्यापूर्वी आपल्या विहिरींवर मोट चालत असे. बैल धावेवरून उतरत, मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात पडे. मग बैलांना मागे आणावे लागे. मोटेमागे जाण्यायेण्याचे हे काम दिवसभर चाले.

अल-जझरी यांनी यावर एक युक्ती काढली. त्यांनी एक लांब दांडा घेतला. त्याच्या टोकाला पाणी भरण्याची मोठी पळी होती. जनावर गोल फिरे, त्याबरोबर एक चाक फिरे. पण या चाकाला सगळीकडे दाते नव्हते. परिघाच्या थोड्या भागावरच दाते होते. दाते जोवर दुसऱ्या चाकात अडकलेले असत, तोवर दांडा वर उचलला जाई. पन्हळीसारख्या दांड्यातून पाणी वाहून बाहेर पडे. दाते संपले की दांडा सुटून आपोआप खाली येई आणि पळी पुन्हा पाण्यात बुडे. जनावराला मागे वळवावे लागत नसे. दुसऱ्या यंत्रात त्यांनी अशा चार पळ्या बसवल्या. एक खाली जाई, तेव्हा दुसरी वर येई. त्यामुळे झटके कमी झाले.

आणखी एका यंत्रात नदीच्या प्रवाहाने चाक फिरत असे. त्या चाकामुळे एक दांडा डावीकडे-उजवीकडे झुले आणि दोन दट्ट्यांना हलवी. एक दट्ट्या पाणी ओढून घेई, तेव्हा दुसरा पाणी वर ढकली. फिरणाऱ्या चाकापासून पुढे-मागे होणारी हालचाल मिळवण्याची ही युक्ती फार मोलाची ठरली. मोटारीच्या इंजिनात याच्या उलट घडते. तेथे दट्ट्या पुढे-मागे होतो आणि चाके फिरतात.

त्यांचे हत्तीचे घड्याळ तर फारच गमतीचे होते. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी होती. तीत एक भोक पाडलेली वाटी तरंगत असे. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र वापरत, तशीच ही वाटी. अर्ध्या तासात ती भरून बुडे. बुडताना ती दोरी ओढी. त्याबरोबर वरच्या मनोऱ्यातून धातूचा एक गोळा सुटे आणि एका सापाच्या तोंडात पडे. गोळ्याच्या वजनाने साप खाली वाके आणि साखळीने बुडालेली वाटी वर उचली. गोळा खाली पडला की साप पुन्हा सरळ होई. वाटी रिकामी होऊन परत तरंगू लागे. एक वस्तू खाली येते आणि तिच्या वजनावर दुसरी वर जाते. गोळे संपेपर्यंत घड्याळ चालत राही.

एका राजाला वुजू करताना नोकराने हातावर पाणी घालणे आवडत नसे. त्यांच्यासाठी अल-जझरी यांनी नोकराची एक आकृतीच बनवली. ती आकृती आपोआप पाणी ओतत असे. आज आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो, त्याचे हे फार जुने रूप होय.

पंचवीस वर्षे अशी गेली. यंत्रे पाहून लोक थक्क होत. पण लाकूड कुजते, धातू वितळवला जातो. कारागीर गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. राजा नासिरुद्दीन महमूद यांनी हे ओळखले. त्यांनी अल-जझरी यांना सर्व यंत्रांवर ग्रंथ लिहिण्याची आज्ञा केली. 1206 साली तो अरबी ग्रंथ पूर्ण झाला. त्यात पन्नास यंत्रांची माहिती आहे.

अल-जझरी यांनी आधीच्या विद्वानांचे ग्रंथ वाचले होते. त्यांतील काही यंत्रे पूर्ण विचार न करता लिहिलेली आहेत, असे त्यांना आढळले. जी गोष्ट हाताने करून पाहिली नाही, ती खरी की खोटी हे कसे ठरवणार? म्हणून त्यांनी स्वतः करून पाहिलेल्या गोष्टींवर भर दिला. प्रत्येक भागाचे माप दिले, चित्र काढले आणि भागांना अक्षरांची खूण केली. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र बनवता यावे, हा त्यांचा हेतू होता.

त्यांची कामाची पद्धतही नीटनेटकी होती. ते आधी कागदाचा नमुना करून पाहत. लाकूड वाकू नये म्हणून त्याचे पातळ थर एकावर एक जोडत. चाकाचा तोल तपासून घेत. झडपेतून पाणी गळू नये म्हणून तिचे दोन्ही भाग कुरुंदाची पूड घालून एकमेकांवर घासत.

त्यांची मूळ यंत्रे आज राहिलेली नाहीत. पण ग्रंथ राहिला. त्यावरून 1976 साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचे पाण्यावरचे एक मोठे घड्याळ पुन्हा तयार करण्यात आले, आणि ते चालले!

आता आपल्या शिडीकडे वळू या. ती डुलते, कारण काड्यांची भोके सैल आहेत. एका सांध्याची थोडीशी ढिलाई दहा सांध्यांत मिळून मोठी होते. ती कलंडते, कारण वजन वर गेले आणि गाडीची बैठक अरुंद राहिली. बैठक रुंद करा, बॅटरी अगदी खाली बसवा. शिडी पूर्ण मिटलेली असते, तेव्हाच तिला उचलायला सर्वांत जास्त जोर लागतो. म्हणून ती अगदी सपाट मिटू देऊ नका. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. प्रत्येक माप वहीत लिहा आणि काय बिघडले, तेही लिहा.

छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर पाणचक्की जरूर पाहा. पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरवण्याची ती सोय पाहताना तुम्हांला अल-जझरी आठवतील. आणि ती वही फेकू नका. पुढच्या वर्षी तुमच्या शाळेतील एखादी मुलगी किंवा मुलगा ती उघडेल आणि तुम्ही जेथे थांबलात, तेथून पुढे काम सुरू करील.