थोर गोलंदाज बाळू पालवणकर



क्रिकेट म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं शार्दूल ठाकूरचं. निघणारच! तो आपल्या पालघरचा. पण मी आज एका अशा खेळाडूची माहिती सांगणार आहे, की जो शार्दूलच्या शंभर वर्षं आधी होऊन गेला आणि ज्याचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. त्यांचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या पुस्तकांत त्यांना पी. बाळू असं म्हणतात.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. विहिरीवर पाणी भरायला बंदी, देवळात जायला बंदी. वडील लष्करात नोकरीला होते, म्हणून कुटुंब पुण्याला राहिलं. तिथे गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. विकत घ्यायला पैसे कुठले?

घरात पैसा नव्हता, म्हणून बाळूंना लहानपणीच कामाला लागावं लागलं. पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार ४ रुपये. काम तेच, शिवाय जाळ्या बांधायच्या आणि टेनिस कोर्टावर रेघा मारायच्या.

साहेब लोकांना बॅटिंगचा सराव हवा असे. त्यांना बॉल टाकायला कोणीतरी पाहिजे. ते काम बाळूंकडे आलं. ते डाव्या हाताने फिरकी टाकायचे. ग्रेग नावाचे एक नामांकित साहेब रोज त्यांच्या बॉलिंगवर सराव करत. ग्रेग साहेबांना एकदा आऊट केलं की बाळूंना आठ आणे मिळायचे, असं सांगतात. तासन् तास बॉल टाकून टाकून बाळूंचा हात असा तयार झाला की बॉल पाहिजे तिथे पडायचा. पण मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. इतकी वर्षं त्यांनी साहेबांना बॉल टाकले, पण बॅटिंग करायला त्यांना एकदाही दिली नाही.

असं का? मी यावर खूप विचार केला. बॅटिंग हा मान समजला जायचा आणि बॉलिंग म्हणजे मेहनतीचं काम. मान मोठ्यांचा, मेहनत गरिबाची. हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. खुद्द इंग्लंडमध्ये हौशी श्रीमंत खेळाडूंना ‘जंटलमन’ म्हणत आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना ‘प्लेयर’ म्हणत. कर्णधार बहुतेक जंटलमन असायचा, बॉल टाकून घाम गाळायला प्लेयर. कपडे बदलायच्या खोल्यासुद्धा वेगवेगळ्या असत. हा भेद तिथे १९६२ साली रद्द झाला. पण बाळूंच्या वाटेत गरिबी होती आणि वर जातही होती. म्हणजे दोन भिंती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. त्यांना संघात घ्यावं की नाही, यावरून क्लबात वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपात चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. ज्या हाताने विकेट मिळवून दिल्या, त्या हाताचा विटाळ! हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

तरी बाळू खेळत राहिले. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. मग मोठमोठ्या पुढाऱ्यांनी त्यांचं कौतुक केलं. न्यायमूर्ती रानडे यांचं म्हणणं असं होतं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही बसलं पाहिजे.

पुढे बाळू मुंबईला आले. त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. ही कोणती रेल्वे, माहीत आहे का? आपल्या पालघर-बोईसरवरून जाणारी हीच लाईन! १९५१ साली तिची पश्चिम रेल्वे झाली. नोकरी रेल्वेत आणि खेळणं हिंदू जिमखान्याकडून. मुंबईत हळूहळू त्यांना इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसता येऊ लागलं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ आणि १०२ झाल्या. म्हणजे हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. त्यात बाळूंनी ८ गडी बाद केले. भाऊ शिवरामही संघात होता. राज्य गोऱ्यांचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. लोकांना किती आनंद झाला असेल!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. महाराज कर्णधार आणि विकेटी काढणारा चर्मकाराचा मुलगा! परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्यांना जे मानपत्र दिलं, ते लिहिण्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता.

एवढं सगळं करूनही बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी दिलं नाही. १९२० साली त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. लोकांनीही आवाज उठवला. तेव्हा बाळूंना उपकर्णधार केलं. शेवटी १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. जे थोरल्या भावाला मिळालं नाही, ते धाकट्याने मिळवलं.

भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली. तोवर बाळूंचं वय निघून गेलं होतं. त्याच वर्षी झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, यावरून आपण काय शिकायचं? नुसतं ‘मेहनत करा, यश मिळेल’ एवढंच मला सांगायचं नाही. मेहनत तर बाळूंनी खूप केली. पण मेहनतीबरोबर संधीही लागते. आता कायद्याने अस्पृश्यता गेली आहे. पण आपल्या मैदानाकडे जरा बघा. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्याकडे बूट नाहीत तो कायम झाडाखाली फिल्डिंगला. आम्हा मुलींना तर ‘बॉल आणून द्या’ एवढंच काम. कुणाला शाळा सुटली की धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. दिवाळीनंतर कुणाचे आईबाबा वीटभट्टीवर जातात आणि ती मुलं सरावातून गळतात. त्यात चांगलं खेळणारं कोणीच नसेल का? खुद्द शार्दूलला पालघरहून मुंबईचा प्रवास रोज झेपेना, तेव्हा प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. तेव्हा कुठे तो पुढे गेला.

म्हणून माझी विनंती आहे. वर्गमित्रांनो, बॅट कोणाचीही असो, पाळी सगळ्यांची ठेवा. चिठ्ठ्या टाकून नंबर काढा. पालकांनो, तुम्ही एमआयडीसीत कामाला असा, बोटीवर जात असा की शेतात राबत असा, तुमच्या मुलाला आणि मुलीलाही संध्याकाळी एक तास मैदानावर पाठवा. कदाचित त्यांच्यातच एखादा बाळू असेल. त्याला बॉल तर द्याच, पण बॅटही द्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी