दर्यावर वेळ नेणारा सुतार : जॉन हॅरिसन

प्रवासाला निघताना हल्ली बॅगेत कितीतरी युक्तीच्या वस्तू असतात. घडी घालून खिशात मावणारी छत्री, बोटाएवढी विजेरी, गजराचे चिमुकले घड्याळ आणि आता तर वाट दाखविणारा टेलिफोन. पण प्रवाशांसाठी माणसाने जेवढ्या म्हणून वस्तू शोधून काढल्या, त्यांत पहिला मान द्यायचा झाला तर तो समुद्रावर अचूक चालणाऱ्या घड्याळाला द्यावा लागेल. हे घड्याळ घडविणारे जॉन हॅरिसन कोणी मोठे पंडित नव्हते. ते खेड्यातले एक सुतार होते. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या बेटावरील वाचकांना त्यांचे चरित्र माहीत असायलाच हवे.

हॅरिसन यांचा जन्म १६९३ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. पुढे त्यांचे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या गावी जाऊन राहिले. वडील सुतारकाम करीत, मुलगाही तेच शिकला. शाळेचे शिक्षण बेताचेच, पण हातात कसब होते आणि डोक्यात चौकसपणा. १७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी एक उंच घड्याळ तयार केले. त्याची चाके चक्क लाकडाची होती! पुढे ब्रॉकल्सबी पार्क येथील मनोऱ्यासाठी त्यांनी घड्याळ केले, त्यात मुळातच तेलकट असलेले एक कठीण लाकूड वापरले. त्यामुळे त्या घड्याळाला तेल घालावे लागत नसे.

त्या काळी दर्यावर्दी लोकांपुढे एक मोठे कोडे होते. उत्तर-दक्षिण आपण कोठे आहोत, म्हणजे आपला अक्षांश, हे सूर्याच्या व ताऱ्यांच्या उंचीवरून कळत असे. पण पूर्व-पश्चिम आपण कोठे आहोत, म्हणजे रेखांश, हे मात्र कळत नसे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांना एक अंश. जहाजावर दुपारचे बारा वाजले हे सूर्य सांगतो. त्याच क्षणी निघालेल्या बंदरात किती वाजले हे कळले, तर दोन वेळांच्या फरकावरून रेखांश काढता येतो. हिशेब सोपा, पण बंदराची वेळ दर्यावर न्यायची कशी? लंबकाचे घड्याळ लाटांच्या हेलकाव्यांत निकामी होई. उन्हाने धातू वाढे, थंडीने आखडे आणि घड्याळातले तेल कधी पातळ तर कधी घट्ट होई.

ही अडचण किती मोठी, ते मॉरिशसच्या उदाहरणावरून चटकन कळेल. आपले बेट २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. उत्तर-दक्षिण आपले बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे घड्याळ नुसते चार मिनिटे चुकले तर कप्तानाचा हिशेब आख्ख्या बेटापेक्षा अधिक चुकणार! म्हणून जुने कप्तान आधी बेटाचा अक्षांश गाठीत आणि मग त्याच रेषेवरून जमीन दिसेपर्यंत जहाज हाकीत. त्यात दिवस वाया जात आणि रात्रीच्या अंधारात खडकावर आपटण्याची भीती असेच.

१७०७ साली इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर इंग्रज आरमाराची चार जहाजे फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. १७१४ साली पार्लमेंटने कायदा करून बक्षीस जाहीर केले. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्यास वीस हजार पौंड मिळणार होते. त्या काळी ही फार मोठी दौलत होती. निर्णयासाठी एक मंडळ नेमले गेले. त्यात नौदलाचे अधिकारी, ज्योतिर्विद आणि गणिती होते. बहुतेकांचा भरवसा आकाशातील चंद्र-ताऱ्यांवर होता. घड्याळाने हे काम होईल असे फार थोड्यांना वाटत होते.

हॅरिसन १७३० च्या सुमारास लंडनला गेले. प्रख्यात ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी त्यांना जॉर्ज ग्रॅहम या नामवंत घड्याळजीकडे पाठविले. ग्रॅहम यांनी या अनोळखी सुताराला पैसे उसने दिले. पाच वर्षांच्या मेहनतीने पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलो होते! १७३६ साली ते जहाजातून लिस्बनला नेऊन आणले. परतताना समोरचा किनारा कोणता याचा जहाजावरील जाणकारांचा अंदाज चुकला आणि हॅरिसन यांचा बरोबर ठरला.

येथे दुसरा कोणी असता तर लगेच बक्षीस मागायला गेला असता. हॅरिसन यांनी मात्र मंडळापुढे आपल्याच घड्याळातील दोष सांगितले आणि याहून चांगले करण्यासाठी मदत मागितली. दुसरे घड्याळ झाले, त्यातही त्यांना खोट आढळली. तिसऱ्यावर तर त्यांनी एकोणीस वर्षे घालविली. तेही मनासारखे झाले नाही, पण त्या खटपटीतून दोन धातूंच्या जोडपट्टीचा शोध लागला. गरमी-थंडीनुसार वाकणारी ही पट्टी पुढे इस्त्रीसारख्या घरगुती उपकरणांतही उपयोगी पडली.

अखेर मोठ्या यंत्राचा मोह सोडून त्यांनी लहान घड्याळाकडे मोर्चा वळविला. १७५९ साली चौथे घड्याळ पुरे झाले. दिसायला खिशातल्या घड्याळाचा मोठा भाऊ, रुंदी १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. तेव्हा हॅरिसन सहासष्ट वर्षांचे होते. १७६१ साली त्यांचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर घड्याळ अवघे पाच सेकंद मागे पडले होते.

एवढ्याने मंडळाचे समाधान झाले नाही. हा योगायोग असेल, अशी शंका निघाली. १७६४ साली बार्बेडोसची दुसरी सफर झाली. तीतही घड्याळ बक्षिसाच्या अटीपेक्षा तिप्पट अचूक ठरले. तरीही मंडळाने निम्मेच बक्षीस दिले आणि त्यासाठीही घड्याळ उघडून त्यातले सारे रहस्य सांगण्याची अट घातली. पुढे चारही घड्याळे त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. चंद्राच्या पद्धतीचे पुरस्कर्ते नेव्हिल मास्केलिन आता राजज्योतिषी झाले होते, आणि घड्याळाची परीक्षाही त्यांच्याच हाती गेली. चंद्राची पद्धतही खोटी नव्हती, पुष्कळ खलाशांना तिचा उपयोग झाला. पण स्पर्धकानेच परीक्षक व्हावे, हे हॅरिसन यांना कसे मानवावे?

ऐंशीच्या घरात पोचलेल्या या म्हाताऱ्याने पाचवे घड्याळ केले आणि थेट राजा तिसरा जॉर्ज यांच्याकडे दाद मागितली. राजाने १७७२ साली आपल्या वेधशाळेत ते स्वतः तपासले आणि त्यांची बाजू घेतली. १७७३ साली पार्लमेंटने हॅरिसन यांना ८,७५० पौंड दिले. मंडळाचे बक्षीस असे त्याला कोणी म्हटले नाही, पण न्याय झाला. याच सुमारास कप्तान कुक त्यांच्या चौथ्या घड्याळाची हुबेहूब नक्कल घेऊन जगप्रवासाला गेले होते. १७७५ साली ते त्या घड्याळाची वाखाणणी करीतच परतले. दुसऱ्या वर्षी, २४ मार्च १७७६ रोजी, आपल्या त्र्याऐंशीव्या वाढदिवशी हॅरिसन यांनी डोळे मिटले.

पुढे जॉन अर्नोल्ड आणि टॉमस अर्नशॉ या घड्याळजींनी अशी घड्याळे स्वस्त केली. १८३६ साली डार्विन यांना घेऊन पोर्ट लुईला आलेल्या बीगल जहाजाने जगभरचे रेखांश मोजण्यासाठी बावीस सागरी घड्याळे बरोबर घेतली होती. त्याच काळात मजुरांची जहाजे हिंदुस्थानातून या बेटाकडे येऊ लागली होती. मुंबई बंदरातून निघालेल्या आपल्या पूर्वजांना कप्तानाच्या खोलीतल्या त्या डबीची गंधवार्ताही नसेल. त्यांच्या हाती गाठोडे आणि मनात देवाचे नाव. पण अथांग पाण्यातले हे इवलेसे बेट नेमके सापडावे, याची युक्ती मात्र त्या सुताराने शोधून ठेवली होती.

आजचा टेलिफोन उपग्रहांच्या संदेशांवरून जागा दाखवितो, आणि त्या उपग्रहांतही अतिशय अचूक घड्याळेच असतात. हॅरिसन यांची पहिली चार सागरी घड्याळे लंडनमधील ग्रिनिच येथे जपून ठेवली आहेत. आपली पुष्कळ मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी इंग्लंडला जातात. त्यांनी एक दुपार काढून ती अवश्य पाहावीत. चाळीस वर्षे आपल्या कामातला दोष आपणच शोधीत राहिलेल्या माणसाचे ते हातकाम आहे.