खवले मोजणारा डॉक्टर

आपल्या भाईंदर पश्चिमेला खाडी आहे, मिठागरं आहेत, त्यामुळे पावसाळ्यात कुठेतरी साप निघतोच. काळपट अंग, त्यावर पांढरे पट्टे. लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते मण्यार, दुसरी म्हणते कवड्या! कवड्या हा बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवर चढणारा. मण्यार मात्र रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही आणि काही तासांत श्वास बंद पडू शकतो. म्हणजे ओळखण्यातली चूक जिवावर बेतते.

हा गोंधळ सामान्य माणसालाही सोडवता यावा म्हणून आयुष्यभर झटलेले डॉक्टर म्हणजे फ्रँक वॉल. त्यांचा जन्म १८६८ साली श्रीलंकेतल्या नुवारा एलियाचा. लंडनला डॉक्टरकी शिकून ते १८९३ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि १९२५ पर्यंत नोकरीत राहिले. बदली होईल तिथले साप गोळा करायचे, पोट फाडून काय खाल्लं ते बघायचं आणि खवले मोजायचे, हा त्यांचा उद्योग. सापांवर त्यांनी दोनशेहून जास्त लेख लिहिले. त्यातले बरेचसे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आले.

वॉलसाहेबांचा मुद्दा साधा होता. रंगावर जाऊ नका, कारण रंग फसवतो. रेझिस्टरचे पट्टे वाचले की व्हॅल्यू कळते, सापाचं तसं नाही. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि नटसारखे षटकोनी असतात, कवड्याचे नसतात. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे जोडीजोडीने. अंगाच्या मध्यावर आडव्या मोजल्या तर मण्यारीच्या १५ ओळी भरतात, कवड्याच्या सहसा १७.

मोजण्याच्या याच सवयीने १९०७ साली कमाल केली. अवधमधल्या फैजाबादची एक मण्यार दिसायला नेहमीसारखीच, पण ओळी १७! वॉल यांनी ती वेगळी जात म्हणून नोंदवली. पुढे तिला सिंधी मण्यारीची उपजात धरलं गेलं. सिंधी मण्यार आपल्या महाराष्ट्रातही सापडते बरं का.

विषारी साप कसे ओळखावेत यावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या १९२८ पर्यंत चार आवृत्त्या निघाल्या. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आता एक महत्त्वाचं. ही मोजणी मेलेल्या सापावर, जाणकारांनी करायची. आपण लांब राहून सर्पमित्राला बोलवायचं. कुणाला साप चावलाच तर ब्लेड नको, आवळून दोरी नको, मांत्रिक तर नकोच. साप पकडून नेण्यातही वेळ घालवू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. सरळ हॉस्पिटल गाठा. सापाचं नाव नंतर ठरवता येईल.